शालजोडीतले जोडे

इंग्रजीत ‘आयरनी’ नावाचा एक शब्द आहे. त्याला मराठीत काय म्हणावे याबद्दल विद्वानांत एकमत नाही. (विद्वानांत एकमत नसणे ही मात्र आयरनी नव्हे, तो नित्यक्रम आहे.) कुणी त्याला उपरोध म्हणतात, कुणी वक्रोक्ती, कुणी व्याजोक्ती. तोच प्रकार माणसाच्या जिभेने न करता नशिबाने केला, तर त्याला दैवदुर्विलास म्हणायचे. एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे चार शब्द निघाले, तरी प्राध्यापक मंडळी वर्गात शेवटी ‘आयरनी’च म्हणतात.

आमच्या कोरेगावात या गोष्टीला नाव नाही, कारण तिची कधी टंचाई पडलेली नाही. इथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. बाजारात एखाद्या पांढरपेशा गिऱ्हाइकाने घेवड्याचा भाव ऐकून नाक मुरडले, की विकणारी बाई शांतपणे म्हणते, “फुकटच न्या की सायेब! आमच्या रानात काय, पेरल्याबिगर उगवतोय!” गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करते. उपरोधाची व्याख्या यापेक्षा सोपी करता येईल असे मला वाटत नाही. बोलायचे एक, सांगायचे दुसरे, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळले पाहिजे. शालजोडीतून जोडा मारताना शाल दिसली पाहिजे आणि जोडा लागलाही पाहिजे.

हा झाला जिभेचा उपरोध. दुसरा प्रकार परिस्थितीचा. त्याचे जगन्मान्य उदाहरण म्हणजे मोपासाँची 1884 सालची हिऱ्यांच्या हाराची कथा. एका कारकुनाची बायको मेजवानीला जाण्यासाठी मैत्रिणीकडून हार मागून आणते, तो हरवते, छत्तीस हजार फ्रँकचा तसाच हार विकत घेऊन गुपचूप परत करते आणि ते कर्ज फेडण्यात नवरा-बायकोची दहा वर्षे जातात. शेवटी कळते, की मूळचा हार खोटा होता. फार तर पाचशे फ्रँकचा!

ही गोष्ट मी आमच्या सौ.ला सांगितली. ती म्हणाली, “हे आपल्याकडे घडलंच नसतं. मेजवानीत शिरल्याबरोबर चौघीजणींनी विचारलं असतं, ‘हा कुणाचा गं?’ आणि पाचवी म्हणाली असती, ‘खोटा दिसतोय.’”

सौ.ने कधी समीक्षा लिहिलेली नाही, पण मोपासाँच्या कथेची किल्ली तिने बरोबर हाती दिली. त्या कथेत सारा खेळ एका न बोललेल्या वाक्याचा आहे. ‘हार हरवला’ एवढे मैत्रिणीला सांगितले असते तर दहा वर्षे वाचली असती. पण ते वाक्य उच्चारायला जी लाज वाटते, ती मध्यमवर्गाची खास मालमत्ता आहे. म्हणून शेवटचा धक्का हा नुसता धक्का राहत नाही. नशिबाने बाईला फसवले खरे, पण त्याआधी तिच्या प्रतिष्ठेने तिला फसवलेले असते. ज्या कथांत असे काही नसते आणि नुसताच धक्का असतो, त्या एकदा वाचून रद्दीत घालाव्या.

तिसरा प्रकार रंगभूमीचा. इथे पात्राला जे ठाऊक नसते ते प्रेक्षकाला ठाऊक असते. सोफोक्लीझचा राजा ईडिपस खुन्याचा शोध घेतो, आणि खुनी तोच आहे हे अथेन्सच्या प्रेक्षकांना घरून निघतानाच माहीत असते. आमच्याकडे यात्रेतल्या नाटकात, पडद्याआड लपलेला खलनायक नायकाला दिसत नाही म्हणून एखादा रसिक उठून ओरडतो, “आवं, तुमच्या मागंच हाय त्यो!” शहरातले लोक त्याला हसतात. मला तो आदर्श प्रेक्षक वाटतो. नाटककाराला जे करायचे होते ते त्याच्या काळजापर्यंत पोहोचलेले असते.

या बाबतीत आमच्या तालुक्याला थोडी ऐट करायचा हक्क आहे. वसंत कानेटकर जन्मले ते याच तालुक्यातल्या रहिमतपूरला. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ 1962 साली आले. बाहेर बादशाह्यांना पुरून उरलेला राजा घरात थोरल्या मुलाची समजूत घालू शकत नाही, हा त्यातला पहिला उपरोध. दुसरा त्याहून खोल आहे. रंगमंचावर बापलेकांत समेटाची आशा दिसू लागली, की प्रेक्षकाला 1680 आठवते आणि 1689 आठवते. नाटककाराला पुढचे काही सांगावे लागत नाही. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाने त्याचे अर्धे काम आधीच केलेले असते.

पण उपरोधाचा विषय निघाला की मला खरी अडचण होते ती गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’पाशी. नावापासूनच उपरोध सुरू. या जगात एकच प्याला कुणी प्यायला आहे काय? त्यात तळीरामाचे आर्यमदिरामंडळ म्हणजे तर सभासंमेलने भरवणाऱ्या समस्त महाराष्ट्राची यथेच्छ थट्टा. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि तेवढ्यात सुधाकराच्या घरातला अंधार समोर येतो. मघाचे हसू मग घशात अडकते. दैवाचा उपरोध असा, की गडकरी 23 जानेवारी 1919 ला वारले आणि नाटक बडोद्याला रंगमंचावर आले ते 20 फेब्रुवारीला. स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाला एकदाही टाळी ऐकायला लेखक नव्हता.

अडचण ही, की या नाटकात उपरोध सगळ्यांच्या वाट्याला आला, सिंधूच्या वाट्याला आला नाही. तळीरामाला जीभ आहे, त्याच्या बायकोला, गीतेला, जीभ आहे. सिंधू मात्र सोसते, दळते आणि क्षमा करते. बालगंधर्वांच्या सिंधूने थिएटरे रडवली हे खरे. पण मला सारखे वाटते, एकदा तरी या बाईने सुधाकराला शालजोडीतला हाणायला हवा होता.

असे वाटण्याचे कारण पुस्तकी नाही. आमच्या नात्यात एक काकू होत्या. काका रात्री भिंतीचा आधार घेत यायचे. काकू दार उघडून म्हणायच्या, “या महाराज! तोरण बांधायचं तेवढं राहिलंच बघा.” शेजारपाजार खिडकीआड हसायचा. आम्ही मुलेही हसायचो. काकूंचे बोलणे आळीत प्रसिद्ध होते. ते ऐकायला म्हणून माणसे जागी राहत. पण ऐकायला जागा राहिलेल्यांपैकी त्यांच्या मदतीला कुणी आले नाही. काकूंचा एकेक टोला बिनतोड होता आणि बत्तीस वर्षांत त्यातल्या एकाही टोल्याने त्या घरात काही बदलले नाही. सिंधूला जीभ असती तर काय झाले असते, याचे उत्तर मी लहानपणीच ऐकले होते.

तेंडुलकरांच्या 1967 साली रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ने तेच उत्तर सगळ्या महाराष्ट्राला ऐकवले. बेणारेबाई येते तीच हसत, एकेकाची टोपी उडवत. मंडळींत खरी विनोदबुद्धी असलेली ती एकटीच. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला निवडतात तेही तिलाच! खेळ म्हणून मांडलेला खटला बघता बघता खरा होतो. बाई जायला निघते तर दाराची कडी बाहेरून लागलेली. ज्या कोर्टाने भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तेच कोर्ट शेवटी गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावते. मराठी रंगभूमीवर याहून भयंकर उपरोध मी पाहिलेला नाही. बाईचा उपरोध मंडळींना चालला, तो फक्त करमणुकीपुरता. तो बोचला तेव्हा ती सगळी तिच्यावर उलटली.

तेव्हा जुने नाटक किंवा कथा वाचताना आपण नुसते ‘काय टोला हाणलाय!’ म्हणून मांडी थोपटू नये. टोला कोण हाणतो आहे आणि हाणल्यावर तो दार उघडून बाहेर पडू शकतो का, तेही पाहावे. तळीरामाचा उपरोध ही चैन आहे. घेवडेवालीचा हा धंदा आहे. काकूंजवळ मात्र त्याच्याशिवाय दुसरे काहीच नव्हते.

एवढे लिहून झाल्यावर मी ते सौ.ला मोठ्या आवाजात वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, “अगंबाई! किती कळतं हो तुम्हाला बायकांचं!”

आणि गिरणीत न्यायचा दळणाचा डबा माझ्या हातात दिला.