पोलिश क्रियापदें आणि एक संभाषणपुस्तिका

हिर्डोशीस सुटींत आलेला आमचा भाचा शिक्षणासाठीं पोलंडास जावयाचा आहे. त्याच्याजवळची मराठी-पोलिश संभाषणपुस्तिका आम्हीं दोन दिवस चाळली. तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें अवश्य वाटतें.

नमस्कारास ‘जेन्य दोब्रि’, आभारास ‘जेंकुये’, विनंतीस ‘प्रोशे’, क्षमायाचनेस ‘प्शेप्राशाम’ हे शब्द तींत नीट दिले आहेत. तेवढ्यावर दुकानदाराशीं निभाव लागेल. पण ‘लिहिणें’ या अर्थीं ‘पिसाच’ एवढेंच देऊन पुस्तिका मोकळी होते, आणि येथेंच ती फसते. पोलिशमध्यें बहुतेक क्रियांस क्रियापदांची जोडी असते. चाललेल्या क्रियेस ‘पिसाच’, तर पुऱ्या होणाऱ्या क्रियेस ‘नापिसाच’. त्यामुळें ‘पिशे’ म्हणजे ‘मी लिहितों’, पण ‘नापिशे’ म्हणजे ‘मी लिहून काढीन’. रूप वर्तमानाचें, अर्थ भविष्याचा! ‘पत्र लिहीत होतों’ आणि ‘पत्र लिहून टाकलें’ यांतील अंतर मराठी मूलहि जाणतें. लेखकानें हें साम्य दाखविलें असतें, तर शिकणाराचें अर्धें ओझें उतरलें असतें.

तीच गोष्ट लिंगाची व आदराची. ‘मी होतों’ यास पुरुष ‘बिवेम’ म्हणतो, ‘मी होतें’ यास स्त्री ‘बिवाम’ म्हणते. परक्यास ‘पान’ किंवा ‘पानी’ म्हणून क्रियापद तृतीय पुरुषीं योजतात. ‘रावसाहेबांनीं बसावें’ म्हणणाऱ्या आम्हांस यांत नवल तें काय? पुस्तिकेंत मात्र सर्वत्र ‘तूं’चीं रूपें आहेत. तीं पाठ करणारा विद्यार्थी अनोळखी वृद्धाशींहि एकेरीवर येईल.

ही नुसती व्याकरणाची कुरकूर नव्हे. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया व मुलेंच. सोव्हिएट मुलखांतील हद्दपारी भोगून ते इराणमार्गें येथें पोंचले होते. त्यांनीं येथें आपल्या भाषेच्या शाळा चालविल्या. घरदार गेलेल्या आयांपाशीं मुलांस देण्याजोगें भाषेवांचून फारसें उरलें नव्हतें. जी भाषा लोकांनीं अशी जिवापाड जपली, ती आमच्या मुलांनीं निदान अदबीनें बोलावी.

पुस्तिका टाकाऊ नाहीं, अपुरी आहे. नवी आवृत्ति निघेपर्यंत आम्हीं भाच्याच्या वहींत दोन रकाने आंखून दिले आहेत: एक चाललेल्या क्रियेचा, दुसरा पुऱ्या होणाऱ्या क्रियेचा.