गोबरगॅसच्या आकृतीतला सुटलेला टप्पा

शेणाचा काला, मग ‘आम्ल तयार करणारे जीवाणू’, मग बाण आणि ‘मिथेन तयार करणारे जीवाणू’. गोबरगॅसची ही आकृती धड्यांत आणि भित्तिपत्रकांवर वर्षानुवर्षे भेटते. ती सुटसुटीत आहे, फळ्यावर चटकन काढता येते. पण तिचा शेवटचा बाण दिशाभूल करतो.

पहिल्या टप्प्यात असेटिक आम्लाबरोबर प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लेही तयार होतात. या तिघांपैकी मिथेनजनकांना असेटिक आम्ल तेवढे वापरता येते. उरलेल्या दोघांचे असेटिक आम्ल व हायड्रोजन यांत विघटन करणारे जीवाणू वेगळेच आहेत. त्यांची अडचण अशी, की हायड्रोजन साठू लागला की या विघटनातून त्यांना ऊर्जाच मिळत नाही. प्रोपिऑनिक आम्लाच्या बाबतीत तर हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहाहजाराव्या भागापर्यंत खाली ठेवावा लागतो. तो खाली ठेवतात शेजारचे, हायड्रोजनवर जगणारे मिथेनजनक. पंगतीतल्या शेजाऱ्याने उष्टे उचलल्याशिवाय याला घास गिळता येत नाही! ही जोडी इतकी घट्ट असते, की ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ नावाचा, अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा जीव कित्येक वर्षे एकच समजला जात होता. ते दोन जीव आहेत, हे ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवले.

टप्पा सुटल्याचा तोटा संयंत्र आंबल्यावर कळतो. शिळे अन्न एकदम जास्त टाकले, की हायड्रोजन आणि प्रोपिऑनिक आम्ल साठते, सामू घसरतो, मिथेनजनक मंदावतात. जुनी आकृती शिकलेला विद्यार्थी म्हणेल, “चुना टाका.” चुन्याने सामू सावरेल, पण साठलेला हायड्रोजन चुना खात नाही. आधी खाद्य थांबवायला हवे. जमल्यास चांगल्या चालू संयंत्रातला काला आणून मिसळावा. नव्या आकृतीत तीन चौकोन हवेत, आणि तिसऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणारा उलटा बाणही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या तर दाराशीच लोणार आहे. तिथले पाणी खारे आणि अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. आंबण्याची भीती नाही. तरीही लोणारच्या नमुन्यांतून पुण्यातील संशोधकांनी मिथॅनोकॅल्क्युलस आणि मिथॅनोक्युलियस या प्रजातींचे मिथेनजनक वेगळे केले, ते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही हायड्रोजनवर वाढतात. त्यांना तो पुरवत कोण असेल, हे मुलांना विचारून पाहावे.