दासोपंतांची ‘पासोडी’ : एका अध्यापकाचे वस्त्र

पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचे, अंगभर घेण्याचे पांघरूण. बालाघाटाच्या पठारावर पाऊस ओसरून आभाळ निवळले, शाळूच्या पेरणीची लगबग सुरू झाली आणि पहाटेचा वारा अंगाला झोंबू लागला, म्हणजे घरोघर तिची घडी उलगडते. पासोडी ही शालीप्रमाणे मिरवण्याची वस्तू नव्हे आणि सोवळ्याप्रमाणे जपण्याचीही नव्हे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे आयुष्य वेचणाऱ्या दासोपंतांनी (1551–1615) वेदान्ताचे एक प्रकरण लिहून काढण्यासाठी नेमके हेच वस्त्र निवडले. सुमारे 40 फूट लांब व 4 फूट रुंद अशा त्या कापडावर सुमारे 1600 ओव्यांचे ‘पंचीकरण’ आहे. आणि कवीने दिलेल्या नावापेक्षा कापडाच्याच नावाने ते लोकांत ओळखले जाते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या कृतीची नोंद केली, पण बहुधा एक नवल म्हणून. दासोपंतांच्या वाट्याला हे दुर्दैव नेहमीच आले आहे. त्यांच्या ‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या सव्वा लाख मानली जाते, ती सांगून झाली म्हणजे ग्रंथ वाचल्यासारखाच होतो. त्यांना लेखनासाठी रोज किती शाई लागे, यासंबंधीच्या आख्यायिका त्यांच्या कवित्वापेक्षा अधिक प्रसिद्ध आहेत. एकनाथ-पंचकातील एक म्हणून त्यांचे नाव घ्यावयाचे आणि पुढे जावयाचे, असा प्रघातच पडून गेला आहे. पासोडीची लांबीरुंदी सांगणे हा त्याच प्रघाताचा एक भाग होय. ती एवढी लांब का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

त्याचे उत्तर विषयातच आहे. पंचीकरणाची प्रक्रिया ऐकून समजण्यास कठीण, पाहून समजण्यास सोपी. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी या प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन समभाग करावयाचे. एक अर्धा त्या भूताकडेच ठेवावयाचा, दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून ते उरलेल्या चार भूतांना वाटावयाचे. अशा रीतीने प्रत्येक स्थूल भूतात स्वतःचा अर्धा आणि इतर चौघांचा प्रत्येकी आठवा अंश येतो. पुढे प्रत्येक भूताच्या वाट्याला देहातील पाच पाच तत्त्वे लावली जातात : हाड, मांस व त्वचा पृथ्वीची, लाळ आणि घाम आपाचे, भूक, तहान, आळस व झोप तेजाची, चालणे, वळणे वायूचे, काम, क्रोध, भय आकाशाचे. हा सारा पाच गुणिले पाच असा व्यवहार आहे. समर्थांच्या ‘दासबोधा’तही तो आला आहे, परंतु तेथे श्रोत्याला पंचवीस नावे ध्यानात धरावी लागतात. पासोडीवर ओव्यांच्या जोडीला आकृत्या व कोष्टके आहेत. जे कानाला जड जाते ते डोळ्यांसमोर मांडण्याची ही युक्ती अध्यापकाची आहे. पासोडी भिंतीवर टांगून दासोपंत शिष्यांना शिकवीत, असे ठामपणे म्हणण्यास आधार नाही. पण पोथी एकाच्या मांडीवर उघडते आणि एवढे वस्त्र अनेकांपुढे पसरता येते, एवढे तर उघड आहे.

अध्यापनाची ही दृष्टी दासोपंतांत अन्यत्रही दिसते. संस्कृतात ‘घट’ म्हटले की कोणते भांडे समजावयाचे, असा प्रश्न ‘गीतार्णवा’त त्यांनी उपस्थित केला आहे. मराठीत प्रत्येक आकाराच्या भांड्याला वेगळे नाव आहे, म्हणून मराठी अधिक नेमकी, असा त्यांचा अभिप्राय. भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून हे स्थळ नेहमी दाखविले जाते. वास्तविक तो वर्गातला अनुभव आहे : विद्यार्थ्याच्या घरातील रांजण त्याला दाखविता येतो, ‘घट’ दाखविता येत नाही. जो पुरुष माजघरातील भांड्यांत भाषेचे सामर्थ्य पाहतो, त्याने अंथरुणातील पांघरुणावर पंचमहाभूते मांडावी यात विसंगत असे काही नाही.

तथापि पासोडीचे काव्य म्हणून फार कौतुक करता येणार नाही. पंचीकरण हा मुळातच मोजदादीचा विषय. त्यात भावनेचा ओलावा शोधू जाणाऱ्याने ‘पदार्णवा’कडे वळावे, तेथे दत्तभक्तीचा उमाळा भरपूर आहे. मात्र एक गोष्ट पासोडीने साधली आहे. एकच गोष्ट दहा रीतींनी सांगितल्यावाचून शिष्याला समजली असे न मानणे, हा ‘गीतार्णवा’च्या विस्ताराचा दोष आहे, चांगल्या शिक्षकांनाही तो जडतो. कागदाला कागद जोडता येतो. येथे मात्र वस्त्राला काठ होते, आणि त्यांच्या आत विषय बसविणे भाग होते. दासोपंतांना लेखणी आवरावयास लावणारी एवढी एकच मर्यादा भेटली, आणि ती विणकराने घातलेली होती.

श्रद्धेचा प्रश्न याहून नाजूक आहे. पंचीकरणाचे पर्यवसान देहाच्या निरासात व्हावयाचे : ही पंचवीस तत्त्वे म्हणजे मी नव्हे, हे शिष्याने जाणावयाचे असते. ज्या गावी मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते आणि ज्यांच्या ‘विवेकसिंधू’तील गुरुशिष्यसंवादाचा वारसा जेथे सांगितला जातो, तेथे ही शिकवण नवी नव्हती. दासोपंतांचे वैशिष्ट्य असे, की देह नाकारण्याचा पाठ त्यांनी देहाला ऊब देणाऱ्या वस्तूवर लिहिला. भूक, आळस, झोप यांची नावे ज्या कापडावर उतरली, तसल्याच कापडात गुरफटून ऐकणारे श्रोते झोपेशी झगडत असतील. यात विनोद अभिप्रेत होता की नव्हता, कोण सांगणार? पण तुच्छता खास नाही. आश्विनातील नवरात्रापासून योगेश्वरीच्या मार्गशीर्षातील उत्सवापर्यंत अंबाजोगाईत थंडी पायरीपायरीने चढत जाते. मार्गशीर्ष पौर्णिमा हीच दत्तजयंती. त्या दिवसांत प्रत्येक घरात उलगडली जाणारी वस्तू दत्तोपासक कवीने हाती घेतली. तिला सोवळ्यात घालून पवित्र करण्याची गरज त्याला भासली नाही. ती होती तशीच, जाडीभरडी, त्याने लिहावयास घेतली.