जयश्री गडकर : रूप, साचा आणि अभिनय

जयश्री गडकर (१९४२–२००८) यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन बहुधा एका ठरीव सूत्राने केले जाते : रूपाच्या बळावर त्या तमाशापटात स्थिरावल्या आणि पुढे घरंदाज भूमिकांतून ‘अभिनेत्री’ झाल्या. हे सूत्र तपासून घेतले पाहिजे.

अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) त्यांची नर्तकीची प्रतिमा रूढ केली, हे खरे. परंतु त्याची पटकथा विट्याशेजारच्या आटपाडी तालुक्यातील माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची होती. ‘वैजयंता’ला (१९६१) वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबरीचा आधार होता. सांगलीकडच्या ह्या दोन्ही लेखकांच्या दृष्टीने तमाशा हा कष्टकऱ्यांचा व्यवसायही होता. साहजिकच नर्तकीचे रूप येथे तिच्या उपजीविकेचे साधन ठरते आणि तिच्यावरील संकटाचे कारणही. हा ताण देहबोलीतून व्यक्त करणे म्हणजे अभिनयच होय.

भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) त्या लोहाराची पत्नी साकारतात. तेथे फड नाही, साजशृंगार नाही. मात्र फडाच्या भूमिकांत कमावलेली शरीराची लय आता भट्टीजवळच्या श्रमात उतरते. साचा मोडला तो त्याच साच्यात मिळविलेल्या शिस्तीने.

म्हणून ‘रूपापलीकडील अभिनय’ ही प्रशंसा सदोष आहे. तीत घरंदाज स्त्रीचे दुःख कला ठरते आणि नर्तकीचे कष्ट केवळ प्रदर्शन. ही प्रतवारी अभिनयाची नसून समीक्षेतील सामाजिक पूर्वग्रहाची आहे.