व्हिडिओखाली नाव कुणाचे?

दिवाळी अंक हातात आला की मी आधी मुद्रक-प्रकाशकाच्या नावाची ओळ पाहतो. १८६७च्या कायद्याने ती सक्तीची केली, ती सरकारला छापखान्यांवर नजर ठेवता यावी म्हणून. तरी वाचकाच्या पदरातही काही पडले : छापलेल्या मजकुराचा जाब विचारायला कुणीतरी आहे, ही हमी.

२००५ साली यूट्यूब आले, २०१६नंतर स्वस्त डेटा वाड्यावस्त्यांवर पोहोचला आणि ज्याच्या खिशात फोन तो प्रकाशक झाला. आमच्या शाहूवाडीसारख्या डोंगरी तालुक्याला याचे अप्रूप वाटणारच. एरवी आंबा घाटात दरड कोसळली की आमची आठवण व्हायची. या घडामोडीला अभिव्यक्तीचे लोकशाहीकरण म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच.

१४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणांविरोधात आंदोलन झाले. त्या दिवशी जमावाने पायथ्याच्या गजापुरातील मुस्लिम वस्तीवर हल्ला केला. घरे, वाहने, मशीद यांची मोडतोड झाली. त्याचे व्हिडिओ सर्वदूर पोहोचले. ते नसते तर एका आडवाटेच्या वाडीचे नुकसान कदाचित दोन ओळींच्या बातमीत मिटले असते. इथे फोनने साक्षीदाराचे काम केले.

पण मोडतोडीचे दृश्य स्वतःहून कुणाची बाजू घेत नाही. त्यामागे रडण्याचा मूळ आवाज राहू दिला तर तो पुरावा. तो पुसून वीररसाचे गाणे चढवले तर तोच पोवाडा. पावनखिंड जिथून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे हा दुसरा अर्थ चिकटायला वेळ लागत नाही. आधीचे आणि नंतरचे दृश्य कापणारा हात मात्र कुठेच दिसत नाही. संपादन होतेच, नाहीसा होतो तो संपादक.

१९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयात या हिंसाचाराचे व्हिडिओ दाखवण्यात आले आणि शाहूवाडी पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हजर राहण्यास सांगण्यात आले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. फोनवर जे दृश्य नुसते पुढे ढकलले जाते, त्याला न्यायालयात प्रश्न विचारले जातात : कधीचे, कुठले, त्या वेळी जबाबदार माणसे काय करत होती? चांगला संपादकही हेच विचारी.

म्हणून व्हिडिओला परवाना लावा, असे माझे म्हणणे नाही. परवान्याची कुऱ्हाड पहिल्यांदा वाडीवरच्या फोनवरच पडेल. पण कवितेच्या पाठभेदांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेने व्हिडिओलाही संहिता मानावे. तो कुठे सुरू होतो, कुठे तोडला आहे, आवाज जागेवरचा की मागाहून घातलेला, हे तपासावे. नावाची ओळ गेली; जाब विचारण्याची सवय तरी वाचकाने सोडू नये.