‘दिसतो’ की ‘ठरतो’?

वायुरूपातील क्लोरीन ट्रायफ्ल्युओराइडचा रेणू ‘इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो’ असे मराठीत सहज लिहिले जाते. या विधानातील क्रियापद सदोष होय. डी. एफ्. स्मिथ यांनी १९५३ साली सूक्ष्मतरंग वर्णपटाच्या आधारे ही रचना निश्चित केली, तेव्हा त्यांच्यापुढे रेणूचे चित्र नव्हते. होत्या त्या शोषणरेषांच्या वारंवारता. त्यांवरून जडत्व-आघूर्णे काढता येतात. परंतु समतल रेणूत त्यांपैकी दोनच स्वतंत्र, आणि अज्ञाते तीन : दोन बंधलांब्या व त्यांमधील कोन. समस्थानिक बदलला तरी बंध बदलत नाहीत, या गृहीतकावर क्लोरीन-३५ व क्लोरीन-३७ यांच्या वर्णपटांनी ती उणीव भरून काढली. १.५९८ व १.६९८ अँगस्ट्रॉम आणि ८७.५ अंश ही मूल्ये अशा अनुमानाने हाती आली. आणि कोन काटकोन नसल्यामुळे ‘टी’चे बाहूही किंचित कललेलेच आहेत. आयोडीन हेप्टाफ्ल्युओराइडच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. त्याचा पंचकोनी द्विपिरॅमिडी आकार इलेक्ट्रॉन-विवर्तनाने अभ्यासला गेला. पण त्यातील पाच फ्ल्युओरीन अणूंचे वलय सपाट न राहता सतत लवत असते. अशा रेणूविषयी ‘दिसतो’ म्हणणाऱ्या लेखकाकडून विद्यार्थी निष्कर्षालाच निरीक्षण समजण्यास शिकतो. परिभाषेची चर्चा नामांपाशी थांबते; शास्त्रीय गद्याची खरी कसोटी क्रियापदांत आहे.