अडगळीचा ताळेबंद

बी. कॉम. झालेल्या माणसानं भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' वाचू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पण असायला हरकत नव्हती. आम्हां मंडळींना संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि ही कादंबरी जुळायलाच तयार नाही!

2010 साली ती आली. पूर्ण नाव 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ', पानं सहाशेच्या आसपास. गोष्ट म्हणाल तर पोस्टकार्डावर मावेल. खंडेराव मोहेंजोदडोला उत्खनन करतोय, वडील अत्यवस्थ होतात, तो खानदेशातल्या मोरगावला परततो. पण एक माणूस आठवला की त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि बऱ्याच पानांनी लक्षात येतं, खंडेराव अजून घरी पोचलेलाच नाही.

असल्या पुस्तकांचा ताप अमेरिकेतही आहेच. पिंचनची 'ग्रॅव्हिटीज रेनबो' 1974च्या पुलित्झरसाठी परीक्षकांनी एकमतानं सुचवली, वरच्या मंडळानं ती नाकारली. शाखेनं मंजूर केलेलं कर्ज हेड ऑफिसनं फेटाळावं, तसं. नेमाड्यांना निदान 2014चं ज्ञानपीठ मिळालं.

मग वाचायची कशी? आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला जाऊन या. हे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीतून निघालेले मणी, खापरं, मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालयच आहे. तिथं कुणी खापराला विचारत नाही, "बाबा रे, तुझं कथानक काय?" एकेक तुकडा बघायचा, पुढं सरकायचं. 'हिंदू'चंही तेच. रोज दहा पानं, नावं लक्षात राहिली नाहीत तरी दंड नाही.

दोष आहेत. मधूनच कादंबरी खणायचं सोडून व्याख्यानाला उभी राहते, तेव्हा वाचकानं खुशाल पाय मोकळे करून यावेत.

पण बाप शेतात आणि पोरगा डिग्री घेऊन दूर, ही खंडेरावाची अडचण खानदेशापुरती नाही. आमच्या काउंटरवर म्हातारे येतात. "पोरगं पुण्याला असतंय, रान बटईनं दिलंय," म्हणतात, अंगठा लावतात, जातात. पूर्वी मी नुसती स्लिप बघायचो. 'हिंदू' वाचल्यापासून विचारतो, "काका, रानात यंदा काय हाय?"

मागं रांग वाढते. वाढू दे.